बल्गेरियात, सोफियात एका कला-इतिहासकार बाईंचा घरचा संग्रह लिलावात निघालाय, त्यातलं एक छोटं चित्र घ्यावंसं वाटतंय. काय बघून घेऊ?

वितोशाच्या_पायथ्याशी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण वेळ काढून वाचा, ऑफिसात हा विषय काढला तर कोणाला त्यात रस नाही आणि इथे सोफियात मराठी बोलायला माणूस नाही.

मी गेली सहा वर्षं इथे नोकरीला आहे. ज्या घरात भाड्याने राहते त्याच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची थोरली बहीण इथल्या भाषेत ज्याला इझ्कुस्त्वोवेद म्हणतात ती, म्हणजे कला-इतिहासकार. आयुष्यभर चित्रकारांवर लेख लिहिले, प्रदर्शनांच्या कॅटलॉगना प्रस्तावना लिहिल्या, लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. मी त्यांच्या घरी तीनदा गेले होते आजींबरोबर, त्या घराची भिंत कुठल्या रंगाची आहे ते मला आजही सांगता येणार नाही, इतकी चित्रं. बाथरूमच्या दारावरसुद्धा एक लिनोकट (लिनोलियम कोरून छापलेलं चित्र) होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. वारस चार, त्यातले दोघे देशाबाहेर, वाटणी कशी करायची यावर एकमत होईना म्हणून शेवटी सगळं लिलावाला द्यायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात लिलाव आहे, शंभरच्या वर लॉट, म्हणजे बोलीला निघणारे नग, आहेत.

काल आजींबरोबर प्रीव्यूला, म्हणजे लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात तिथे, गेले. इलिया बेश्कोव्हची शाईची दोन रेखाटनं, देच्को उझुनोव्हचा एक जलरंग, वेरा नेद्कोवाचं पेन्सिलीतलं एक डोकं, लिका यान्कोचं एक पांढरं चित्र ज्यात खरे खडे चिकटवलेत. ही झाली इथली नावाजलेली माणसं. बाकी बहुतेक सगळं कागदावरचं, लहान लहान, नववर्षाची हाताने छापलेली शुभेच्छापत्रं, पुस्तकांवर चिकटवायच्या नाममुद्रा, रेखाटनं. आजी प्रत्येक चित्रापाशी थांबत होत्या आणि हे सोफ्याच्या वर होतं, हे स्वयंपाकघरात होतं, असं सांगत होत्या. तिथे तर सगळं पांढऱ्या भिंतीवर नंबर लावून एका रांगेत.

मला जे आवडलंय ते कॅटलॉगमध्ये 'अज्ञात चित्रकार, बसलेली स्त्री, शाई, १९५०चं दशक' एवढंच आहे. वहीच्या पानाएवढं. एक तरुण मुलगी खुर्चीत बसलीय, खोलीच्या आत आहे कारण मागे खिडकी दिसते, पण अंगात जाड कोट आहे आणि हात बाह्यांमध्ये ओढून घेतलेत. चेहरा चार-पाच रेघांत काढलाय आणि त्या रेघा अजिबात चाचपडत नाहीत. तिथल्या मुलीने उलटं करून दाखवलं तर मागे पेन्सिलीने 'स ओबिच' म्हणजे प्रेमाने, आणि खाली फक्त एक अक्षर, 'न'. कोपऱ्यात टाचणीचं गंजलेलं भोक. सुरुवातीची बोली ९० युरो.

तर प्रश्न असे. एक, नावच माहीत नाही असं चित्र घ्यावं का? दोन, लिलावात पहिल्यांदाच जातेय, काय काळजी घेऊ? आणि तीन, हा प्रश्न आहे की नाही माहीत नाही, पण आजी घरी आल्यावर दोन तास काहीच बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, तिने साठ वर्षं एकेक जमवलं, ते दोन तासांत शंभर घरांत जाणार. मला त्यांना काय सांगावं कळलं नाही.

---

नाशिकचा_डॉक्टर

ताई, मी प्लोव्हदिवला एमडी केलं, सहा वर्षं होतो, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून एकदम जुनं गाव आठवलं. चित्रातलं मला काही कळत नव्हतं तेव्हा, पण जुन्या प्लोव्हदिवमध्ये झ्लात्यू बोयाद्झिएव्हची गॅलरी आहे, तिथे एकदा पावसात शिरलो आणि मग दर महिन्याला जायला लागलो. माणूस ब्रेझोवो गावचा, १९०३चा जन्म, आधी अगदी शांत, नीटस चित्रं काढायचा, ब्रेझोवोचे मेंढपाळ वगैरे. १९५१ साली पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं होतं. चित्रकाराचा उजवा हात गेला म्हणजे संपलंच की. तर हा डाव्या हाताने पुन्हा शिकला आणि त्यानंतर पंचवीस वर्षं, १९७६ पर्यंत, अशी मोठमोठी चित्रं काढली की आधीचा माणूस तो हाच का असं वाटावं. गर्दी, लग्नं, बर्फ, माणसं एकमेकांवर चढलेली, कुठे कुठे रंग नुसता थापलेला. आम्ही न्यूरॉलॉजी शिकत होतो तेव्हा पुस्तकात मेंदूचा डावा-उजवा भाग वाचायचा आणि संध्याकाळी जाऊन ती दोन्ही काळातली चित्रं शेजारी शेजारी बघायची. मला पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना आजही तो आठवतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत, घ्या. नाव नसलं तरी घ्या. उलट नावाचं घेताना दहादा विचार करा. सोफियात अलेक्झांडर नेव्हस्की चर्चच्या समोर जो जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे मी जुन्या प्लोव्हदिवच्या गल्लीचं एक छोटं चित्र घेतलं होतं, विकणारा म्हणाला त्सान्को लाव्हरेनोव्ह या नामवंत चित्रकाराचं आहे, मी भाड्याचे पैसे मोडून घेतलं. नंतर फ्रेम उघडली तर पोस्टरचं कापलेलं पान होतं, वर वार्निश फिरवलेलं. त्या वयात ते फार लागलं.

---

रंगरेषा

वितोशा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत असं मला वाटतं. मी कॉलेजात कला-इतिहास शिकवते, पूर्व युरोपचं थोडंफार वाचलंय.

श्रीमंत माणसाचा संग्रह आणि कला-इतिहासकाराचा संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीमंत माणूस नाव विकत घेतो. मायस्तोरा, इवान मिलेव्ह अशा गाजलेल्या चित्रकारांपैकी हवा म्हणजे हवा. (मिलेव्ह म्हणजे तुमच्या पाच लेव्हच्या नोटेवर होता तो, कझानलकचा, १९२७ साली तिशी गाठायच्या आतच फ्लूने गेला. आता २०२६च्या जानेवारीपासून युरो आला म्हणजे तो खिशातूनही गेला.) कला-इतिहासकाराकडे तेवढे पैसे कधीच नसतात. त्याच्याकडे जे येतं ते स्टुडिओत बसून, चहा पिता पिता, लेख लिहून झाल्यावर, आजारपणात भेटायला गेल्यावर, असं येतं. म्हणून ते लहान असतं, कागदावरचं असतं आणि पाठीमागे काहीतरी लिहिलेलं असतं.

आणि बल्गेरियात याला अजून एक बाजू आहे. तिकडे १९२०च्या दशकात आपल्या मातीतलं चित्र काढायचं म्हणून मोठी लाट होती, गावं, बायका, आयकॉन, भरतकाम, मिलेव्ह त्यातलाच. मग १९३१ला नव्या चित्रकारांनी स्वतःची वेगळी मंडळी काढली, त्यांना पॅरिस, म्युनिक, व्हिएन्नात काय चाललंय ते माहीत होतं, त्यातले बरेच डावे होते. आणि ९ सप्टेंबर १९४४नंतर सत्ता डाव्यांची आली तेव्हा फटका ह्यांनाही बसला, हे मला नेहमी फार वाईट वाटतं. इवान नेनोव्ह बघ, सेझान आणि इटालियन लोकांकडून शिकलेला, इतकी संयत चित्रं, त्याला 'फॉर्मॅलिस्ट', म्हणजे आशयापेक्षा रूपालाच महत्त्व देणारा, ठरवून बाजूला केलं, मग तो कितीतरी वर्षं सिरॅमिक आणि मोझॅइककडे वळला. अलेक्झांडर झेन्दोव्ह तर पक्का कम्युनिस्ट, आयुष्यभराचा व्यंगचित्रकार, १९५० साली त्याने थेट तेव्हाचा पंतप्रधान चेर्वेन्कोव्हला पत्र लिहिलं की चित्रकारांवर असा हुकूम चालवू नका, तर त्यालाच पक्षातून काढलं, तीन वर्षांत तो गेला. लिका यान्को, जिचं खडे चिकटवलेलं चित्र तू बघितलंस, तिचं १९६७चं प्रदर्शन बंद करायला लावलं होतं. पांढऱ्या रंगावर खडे, दोरे, बटणं, यात सरकारला काय खुपलं असेल विचार कर.

आता अशा काळात सरकार हाच एकमेव मोठा गिऱ्हाईक. सरकारने घेतलं नाही तर चित्र जाणार कुठे? पलंगाखाली. नाहीतर ज्याला कळतं अशा माणसाच्या हातात. त्या बाईंच्या भिंतीवर जे होतं ते 'त्या काळात कोणाला काय आवडत होतं' याचा कागदोपत्री पुरावा आहे, आणि तो शंभर तुकड्यांत गेला की पुन्हा जुळवता येणार नाही. आजींना जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं.

म्हणून माझी कळकळीची विनंती. लिलाव थांबवणं तुझ्या हातात नाही, पण त्या आधी बाईंच्या वह्या शोध. डायरी, पत्रं, पुस्तकांतल्या चिठ्ठ्या, काहीही. कला-इतिहासकार माणूस स्वतःच्या घरातल्या चित्रांची यादी करत नाही असं होतच नाही. तो 'न' कोण होता हे त्या बाईंना माहीत होतं, आणि कॅटलॉग करणाऱ्याने विचारायला त्या नव्हत्या म्हणून तो 'अज्ञात' झाला.

---

लिलावकर_गिरगाव

भावना समजल्या पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी द्यायला हवं, पुढच्या आठवड्यात लिलाव आहे. मी मुंबईत वीसेक वर्षं लिलावांना जातोय, घेतो कमी, बघतो जास्त.

हातोडा पडला त्या किमतीवर लिलाव करणाऱ्या कंपनीचं कमिशन वेगळं चढतं, ते किती आहे ते नियमांच्या पानावर असतं, १५ ते २५ टक्क्यांच्या मधे धरून चला आणि त्यावर कर लागतो का ते विचारा. युरोपात चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पुनर्विक्रीतला वाटा द्यायचा कायदा आहे, मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. म्हणजे मिलेव्ह त्यातून सुटला, बोयाद्झिएव्ह नाही. हा वाटा अमुक किमतीच्या वरच लागू होतो, तुमच्या ९० युरोच्या कागदाला प्रश्न नाही. (आपल्याकडेही कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे, दहा हजार रुपयांच्या वरच्या पुनर्विक्रीला, पण किती चित्रकारांना ते माहीत असतं देव जाणे.)

भारतात आणणार असाल तर युरोपियन युनियनच्या बाहेर नेण्याचा नियम बघा. ५० वर्षांहून जुनं आणि किमतीने मोठं असेल तर निर्यात परवाना लागतो, रेखाटनाला मर्यादा १५ हजार युरो, जलरंगाला ३० हजार, तैलचित्राला दीड लाख. तुमचं त्यात बसत नाही, पण बल्गेरियाचा स्वतःचा २००९चा सांस्कृतिक वारसा कायदाही आहे, म्हणून लिलाव करणाऱ्यांकडून लेखी घ्या की बाहेर न्यायला कागद लागतो की नाही. बॅगेत टाकून विमानतळावर जाऊ नका.

बोली लावताना आकडा आधी कागदावर लिहा, कमिशनसकट, आणि तो कागद हातात धरून बसा. तिथलं वातावरण माणसाला पुढे ढकलतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रंगरेषा बाईंना राग येईल कदाचित. समीक्षकाने ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडूनच चित्र भेट घ्यायचं, हे मला पटत नाही. कुठेच पटत नाही, मुंबईत पटत नाही आणि सोफियातही नाही. लेख लिहून झाल्यावर चित्र आलं म्हणता, पण पुढचा लेख लिहिताना ते भिंतीवर असतंच की. त्या बाई सज्जन असतील, मी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही, पण अशा संग्रहाला आपण 'काळाचा पुरावा' म्हणतो तेव्हा तो 'कोणाचं कोणाशी बरं होतं' याचाही पुरावा असतो.

---

रंगरेषा

राग नाही आला गिरगाव, मुद्दा खरा आहे, मी विद्यार्थ्यांना हेच सांगते. पण जिथे बाजारच नाही तिथे भेट म्हणजे नेमकं काय, हे बघायला हवं. त्या काळी सोफियात गॅलरी म्हणजे सरकारी किंवा चित्रकार संघाची, ती शिप्का रस्त्यावरची ६ नंबरची इमारत. विकत घेणारी समिती, दर ठरवणारी समिती. त्या कोट घातलेल्या मुलीच्या चित्राची किंमत तेव्हा शून्य होती, कोणी घेतलंच नसतं. शून्य किमतीच्या कागदाने कोणाचं मत विकत घेता येत नाही. पुढे १९८०नंतर, १९९०नंतर, जेव्हा किंमत आली, तेव्हाच्या भेटींबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य.

आणि संग्रह एकत्र राहू शकतो याचंही उदाहरण तिकडेच आहे. स्वेतलिन रुसेव्ह, स्वतः मोठा चित्रकार, त्याने स्वतःच्या संग्रहातली तीनशेहून जास्त कामं प्लेव्हेन शहराला देऊन टाकली. गावचं जुनं सार्वजनिक स्नानगृह होतं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सुंदर इमारत, तिथे १९८४ला गॅलरी झाली. वितोशा, जमलं तर आजींना घेऊन एकदा जा तिथे, रेल्वेने जाता येतं.

---

माधवकाका_डोंबिवली

वाचतोय सगळं. छान चाललंय. मला बल्गेरिया म्हणजे फक्त क्रिस्टो माहीत होता, तो बर्लिनची संसद, राइशस्टाग, कापडात गुंडाळणारा, तो गाब्रोवोचा. बाकी आजच कळलं.

पण एक सांगतो, आपला एक धागा आहे तिकडे. बोरिस गिओर्गिएव्ह, वार्नाचा चित्रकार, सेंट पीटर्सबर्गला रशियन चित्रकार निकोलाय रोरिककडे शिकलेला. १९३१ ते १९३६ हिंदुस्थानात होता, गांधीजी, टागोर, नेहरू यांची चित्रं त्याने काढली. रोरिक तर आपल्याकडे राष्ट्रीय कलानिधी आहे, त्याची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि शिष्याचं नाव इथे कोणाला ठाऊक नाही. वार्नाच्या शहर गॅलरीला त्याचंच नाव दिलंय. वडिलांच्या कागदात मला एका जुन्या मासिकाचं पान सापडलं होतं, त्यात त्याचं एक चित्र छापलेलं, अगदी बारीक पेन्सिलकाम, डोळे असे की आपल्याकडेच बघतायत. या लिलावात त्याचं काही आहे का हो ताई?

---

कागद_शाई

मी कागदाच्या जतनाचं काम करते, पुण्यात. फक्त माझ्या कामापुरतं बोलते.

वितोशा, पुन्हा प्रीव्यूला जाता आलं तर जा आणि चित्र हातात मागून घे. आधी उजेड बाजूने पाडून बघ, सपाट पृष्ठभागाशी समांतर, म्हणजे कागदाच्या सुरकुत्या, खरवडलेलं, दुरुस्ती केलेलं सगळं वर येतं. छापलेली प्रत असेल तर साध्या भिंगाने ठिपके दिसतात. खऱ्या शाईची रेघ जिथे निब टेकलं तिथे गडद असते, पुढे उडत जाते, आणि जिथे कागद खडबडीत असेल तिथे कडेला किंचित फुटते. तू म्हणालीस रेघा चाचपडत नाहीत, नक्कल करणाऱ्याची रेघ बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते, ती सावकाश चालते म्हणून एकसारखी जाड असते.

टाचणीचं गंजलेलं भोक ही चांगली खूण आहे. कोणीतरी ते फ्रेम न करता भिंतीला टोचून ठेवलं होतं, बरीच वर्षं. भोकाभोवती गंज कागदाच्या आत मुरलाय की नुसता वर बसलाय ते बघ. मुरला असेल तर तो काळाने मुरलाय.

आणि मागची बाजू. लोक घेतलं की आधी फ्रेमवाल्याकडे जातात, आणि फ्रेमवाला गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतो. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी अशी येतात, मागे कोणाचं तरी अक्षर आहे एवढंच समजतं, पाण्याशिवाय सुटत नाही आणि पाणी लावलं तर शाई जाते. तुझ्या हातून असं होऊ देऊ नकोस. रंगरेषा म्हणते तो पुरावा टिकावा म्हणून, शक्य असेल तर शंभरच्या शंभर लॉटच्या पाठी मोबाइलवर फोटो काढून ठेव. लिलाववाले पुढच्या बाजूचे फोटो छापतात. पाठीचे कोणी काढत नाही.

---

वितोशाच्या_पायथ्याशी

सगळ्यांचे खूप खूप आभार. माधवकाका, बोरिस गिओर्गिएव्हचं काही नाहीये, पण आजींना त्याचं नाव विचारलं तर त्या उठून कपाटातून वार्नाच्या गॅलरीचं एक पोस्टकार्ड घेऊन आल्या, ते मी तुम्हाला पाठवते, पत्ता मेसेज करा.

वह्यांचं सांगते. बाईंचा फ्लॅट अजून रिकामा झालेला नाही, पुस्तकं तशीच आहेत कारण लिलाववाल्यांनी पुस्तकं घेतली नाहीत. शनिवारी आजी आणि मी गेलो. खोली ओळखू येत नव्हती, भिंतीवर नुसते चौकोन राहिलेत, फिकट, आणि मग मला कळलं की भिंत पिस्त्याच्या रंगाची होती. वही सापडायला तीन तास लागले. स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळात, वीजबिलांच्या खाली. शाळेची असते तशी चौकटीची वही, निळं पुठ्ठ्याचं कव्हर. अक्षर इतकं बारीक की आजींना चष्म्यावर भिंग धरावं लागलं, त्या वाचत होत्या आणि मी फोनवर टाइप करत होते. १ ते १३८. प्रत्येकाला नंबर, साल, कोणाकडून, आणि बहुतेक ठिकाणी एक ओळ. काही ओळी मी इथे लिहिते कारण त्या माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

'२२. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा उशीखालून काढून दिलं.'
'३१. विकत घेतलं, एका पगारातून, चपला पुढच्या महिन्यात.'
'५८. परत द्यायला गेले, घेतलं नाही.'
'९०. याच्यावर मी १९६१ला चुकीचं लिहिलं होतं.'

गिरगावकर, तुमचा मुद्दा मी आजींना सांगितला होता. त्यांनी हे ९० नंबरचं वाचल्यावर मला दाखवलं आणि बोट ठेवून बसल्या.

माझं चित्र ४७ नंबर. 'स्टुडिओत सरपण नव्हतं. कोट काढू नकोस म्हणाला, तसंच बैस. फेब्रुवारी १९५६.' कोणाकडून, त्या जागी तिथेही फक्त 'न'. एवढं सगळं लिहिणाऱ्या बाईंनी तिथेच नाव लिहिलं नाही. पण ती मुलगी कोण ते कळलं. आजींनी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, हा कोट आमच्या आईच्या कोटातून शिवून घेतलेला, कॉलर मोठी होती म्हणून माझ्या बहिणीला आवडायचा नाही. त्यांनी प्रीव्यूत ते चित्र बघितलं होतं, पण चोवीस वर्षांची बहीण त्यांना ओळखू आली नव्हती, त्या स्वतः तेव्हा शाळेत होत्या.

---

रंगरेषा

वितोशा, मी हे वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. ती वही कुठेही जाऊ देऊ नका. ४७ नंबरचं चित्र लिलावातून मागे घ्यायला लिलाववाल्यांना आज सांगा, उद्या नको. सगळ्या वारसांची सही लागेल, काही दंडही असेल, पण सांगा. आणि उरलेल्या चित्रांसाठी वहीतल्या ओळी त्यांच्याकडे द्या, म्हणजे प्रत्येक लॉटबरोबर ती ओळ घेणाऱ्याच्या घरी जाईल. संग्रह फुटला तरी निदान प्रत्येक तुकड्याला आपण कुठून आलो ते माहीत असेल.

---

लिलावकर_गिरगाव

चपला पुढच्या महिन्यात. मी माझं म्हणणं या बाईंच्या बाबतीत मागे घेतो.

मागे घेण्याचं बघा, करारात 'लॉट परत घेणे' असं कलम असतं, बहुतेक इस्टिमेटच्या, म्हणजे अंदाजे किमतीच्या, काही टक्के भरावे लागतात. ९० युरोच्या लॉटला ते फार नसेल. मेल लेखी करा, फोनवर नको, आणि वारसांपैकी ज्याने करारावर सही केली त्याच्याच नावाने.

---

वितोशाच्या_पायथ्याशी

लिलाव काल झाला. लिहायला उशीर झाला कारण घरी आल्यावर आजींकडेच जेवले.

४७ नंबर आदल्या दिवशी मागे मिळाला. व्हिएन्नातल्या भाच्याला आजींनी फोनवर वहीतली ओळ वाचून दाखवली, तो दहा मिनिटांत मेल करतो म्हणाला आणि केलीही. वहीतल्या ओळींचं लिलाववाल्यांनी चांगलं मनावर घेतलं, सगळ्या लॉटच्या मागे पाकिटात टाइप केलेली चिठ्ठी घातली. पाठीचे फोटो मी काढलेत, सगळे नाही, ९४. तिथली मुलगी लॉट आणून देत होती आणि मी टेबलावर फोटो घेत होते, तीन संध्याकाळी लागल्या.

हॉलमध्ये साठेक माणसं असतील, बाकी ऑनलाइन. बेश्कोव्हसाठी दोघांची बराच वेळ चालली. लिका यान्को फोनवरून कोणीतरी घेतलं, अंदाजाच्या दुपटीच्या वर गेलं. आणि ३१ नंबर, चपलांचं ते, छोटं निसर्गचित्र, कोणा फारशा नावाच्या चित्रकाराचं नाही, ते एका तरुण जोडप्याने घेतलं, त्यांनी लॉट हातात आल्याबरोबर पहिली ती चिठ्ठी काढून वाचली, मी मागच्याच रांगेत होते. आजींनी ते बघितलं.

मी १९७०चं एक नववर्षाचं लिनोकट घेतलं, तळहाताएवढं, बर्फातला कावळा, ३५ युरो अधिक कमिशन. आकडा कागदावर लिहून नेला होता आणि त्याच्या आतच मिळालं. वहीत त्याच्यासमोर 'बाथरूमच्या दारावर लावणे' असं आहे. म्हणजे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ना दारावरचं, तेच हे.

कोटातल्या मुलीचं चित्र आजींना स्वयंपाकघरात टेबलासमोर लावायचंय, त्यांचा दिवस तिथेच जातो. कागद_शाई, चालेल का? आणि मागचं अक्षर दिसायला दोन्हीकडून काच लावली तर?

---

कागद_शाई

दोन्हीकडून काच चालेल, पण काच कागदाला टेकता कामा नये, मधे चारी बाजूंनी माउंटची पट्टी टाकायला सांग, आम्लविरहित पुठ्ठ्याची, आणि कागद फक्त वरून दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागरीवर टांगायचा, गव्हाच्या खळीने. टेप कुठलीही नको, पारदर्शक तर अजिबात नको. गंजलेलं भोक आहे तसं ठेव, भरू नकोस.

स्वयंपाकघरात शेगडीच्या वर किंवा सिंकशेजारी नको, वाफ आणि तेल दोन्ही बसतं. टेबलासमोरची भिंत बाहेरची आहे का आतली ते बघ. सोफियात थंडीत बाहेरच्या भिंतीला आतून ओल धरते, तसं असेल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लाव, म्हणजे हवा खेळेल. आणि थेट ऊन येत असेल तर समोरच्या भिंतीवर हलव. शाई कुठली आहे माहीत नाही, काही शाया उन्हात तपकिरी पडतात. खिडकीचा फोटो टाक, मी बघून सांगते.